शोधसूची: एक सी प्रोग्राम, सहा नवी यंत्रं (प्रकल्प नोंदी)

३ मार्च

कामाला हात घालण्याआधी जवळ काय आहे ते लिहून ठेवतो. 'शोधसूची' हा मी नऊ वर्षं सांभाळलेला सी प्रोग्राम. मजकुराच्या फाइलींचं फोल्डर त्याला द्यायचं. कुठला शब्द कुठल्या फाइलीत कितव्या बाइटवर आहे याची बायनरी सूची तो तयार करतो, आणि पुढे कुठलाही शब्द विचारला की त्या सूचीतून उत्तर देतो. साधारण अकरा हजार ओळी. आजवर तो एकाच घरात राहिला: ६४-बिट लिनक्स, एक्स८६ प्रोसेसर, जीसीसी हा कंपायलर (सी कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आणि जीलिबसी ही सीची फंक्शनं पुरवणारी लायब्ररी.

आता तो विंडोज, मॅकओएस, ओपनबीएसडी (युनिक्सच्या कुळातली एक ऑपरेटिंग सिस्टीम), अल्पाइन (लिनक्सचाच एक छोटा प्रकार) आणि एआरएम प्रोसेसरवरचं लिनक्स या पाच ठिकाणी चालायला हवा. सहावं ठिकाण मी मुद्दाम घेतलं आहे: एस३९०एक्स हा आयबीएमच्या मेनफ्रेमचा प्रोसेसर, तोही क्यूईएमयू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये. तिथे हा प्रोग्राम कोणी वापरेल असं नाही, पण त्या प्रोसेसरवर बाइटांचा क्रम उलटा असतो, आणि तेवढ्याचसाठी तो हवा.

अट एकच, पण कडक. एका यंत्रावर केलेली सूची दुसऱ्यावर तशीच्या तशी उघडली पाहिजे. त्याच फाइली दिल्या तर सहाही ठिकाणी बाइट न बाइट तीच सूची तयार झाली पाहिजे.

एक नियम आजच ठरवला. शब्द शोधणाऱ्या, सूची बांधणाऱ्या कोडमध्ये इफडेफ (यंत्रागणिक वेगळं कोड निवडणारी अट) येणार नाही. ऑपरेटिंग सिस्टीमकडून जे काही मागायचं ते एका छोट्या हेडरमधल्या (घोषणांच्या फाइलीतल्या) फंक्शनांकडून मागायचं. त्या फंक्शनांच्या दोन फाइली, एक पॉझिक्ससाठी (युनिक्ससारख्या यंत्रणांचं सामायिक मानक) आणि एक विंडोजसाठी. कुठली घ्यायची ते बिल्ड ठरवेल.

४ मार्च

आज बाहेर कुठे गेलोच नाही, घरातच झाडलोट केली. जीसीसीला सी९९ (सी भाषेचं १९९९चं मानक) काटेकोरपणे पाळायला सांगितलं, सगळे इशारे चालू केले. ६१२ इशारे आले.

सगळ्यात धोकादायक निघाला स्ट्रडप, मजकुराची प्रत करून देणारं फंक्शन. काटेकोर सी९९ मागितलं की जीलिबसीचे हेडर स्ट्रडपची घोषणा लपवतात, कारण तो सी९९चा भाग नाही, पॉझिक्सचा आहे (सी२३मध्ये तो भाषेत आला). घोषणा दिसली नाही की जुना नियम लागतो: न सांगितलेलं फंक्शन इंट परत देतं असं कंपायलर धरतो. ६४-बिटचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ३२ बिटांत कोंबला जातो आणि वरचा अर्धा भाग गळून पडतो. पत्ता योगायोगाने लहान असेल तर प्रोग्राम चालतोही. जीसीसी १४पासून ही मुळात चूक धरली जाते, बिल्ड थांबतं. हे फार आधी व्हायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

उपाय: पॉझिक्स २००८ हवं असल्याचं सांगणारा मॅक्रो (कंपायलरला दिलेली नावाची खूण) बिल्डच्या आज्ञेतच घातला. फाइलीत घालायचा तर तो पहिल्या हेडरच्याही आधी यावा लागतो. एक जरी हेडर त्याच्या आधी आला तरी मॅक्रो वाया जातो, आणि तसं झाल्याचं कोणी सांगत नाही. मॅकओएसवर उलटी अडचण: हाच मॅक्रो दिला की तिथली पॉझिक्सबाहेरची फंक्शनं दिसेनाशी होतात, त्यांच्यासाठी डार्विनचा (मॅकओएसच्या गाभ्याचा) वेगळा मॅक्रो द्यावा लागतो.

६ मार्च

आजचा दिवस लाँगचा.

सी भाषेचं मानक लाँगबद्दल फक्त इतकंच वचन देतं की तो निदान ३२ बिटांचा असेल. ६४-बिट लिनक्स, मॅकओएस, बीएसडी यांच्यावर तो ८ बाइटांचा असतो. ६४-बिट विंडोजवर तो ४ बाइटांचाच आहे. तिथे पॉइंटर तेवढे ८ बाइटांचे झाले. ३२-बिटच्या काळात लिहिलेल्या कोडमधल्या स्ट्रक्टांची (एकत्र बांधलेल्या आकड्यांच्या नोंदींची) मापं बदलू नयेत, म्हणून त्यांनी ती निवड केली. दोन्ही निवडी मानकात बसतात. न बसणारी गोष्ट माझ्या कोडमध्ये होती: मी सूचीतली प्रत्येक जागा लाँगमध्ये ठेवत आलो.

घरी यातलं काही दिसणं शक्यच नव्हतं. इथे लाँग आणि ६४-बिट पूर्णांक एकाच मापाचे, मग कंपायलर तरी काय सांगणार? म्हणून लिनक्सवरच मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ (विंडोजचे प्रोग्राम बनवणारा कंपायलर) बसवला आणि विंडोजसाठी क्रॉस-कंपाइल करून पाहिलं. आता इशारे बोलू लागले. विंडोज मशीन सुरू न करताही निम्मं काम इथेच उरकतं, हे आधी सुचायला हवं होतं.

लाँग हा शब्द कोडमध्ये १८३ वेळा होता. 'शोधा आणि बदला' करायचा मोह आवरला आणि प्रत्येक ठिकाणी विचारलं: इथे मला खरं काय साठवायचं आहे? फाइलीतली जागा असेल तर इंट६४_टी. मेमरीतला आकार असेल तर साइझ_टी. पॉइंटरचं पूर्णांकात रूपांतर असेल तर यूइंटपीटीआर_टी, आणि तीन ठिकाणी तर ते रूपांतरच अनावश्यक निघालं. उरलेले सगळे साधे मोजणीचे आकडे, त्यांना इंट पुरला. एका शब्दामागे चार वेगवेगळे अर्थ लपले होते.

मग एफटेल आणि एफसीक, फाइलीतली सध्याची जागा सांगणारं आणि हव्या जागी नेणारं फंक्शन. मानकातच ते लाँग घेतात-देतात, म्हणजे विंडोजवर २,१४७,४८३,६४७ बाइटांच्या पुढे ते पोहोचू शकत नाहीत. माझी चाचणीची मोठी सूची ३ जीबीच्या वर आहे. पॉझिक्सकडे एफसीको आहे, विंडोजकडे नावातच ६४ असलेलं वेगळं फंक्शन आहे. दोन्ही त्या छोट्या हेडरमागे गेले. ३२-बिट लिनक्सवर एफसीको असूनही भागत नाही, फाइलीतल्या जागेसाठी ६४ बिट हवेत असं मॅक्रोने सांगावं लागतं. तोही आज बिल्डमध्ये टाकला.

प्रिंटएफमध्ये इंट६४_टी छापायचे सी९९चे मॅक्रो दिसायला ओबडधोबड आहेत, मजकूर मधेच तुटतो. तरी तेच वापरले. वाचायला त्रास झाला तरी चालेल, पण आकडा चुकीचा छापला जाता कामा नये.

९ मार्च

फाइलीचा साचा. सगळ्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच, म्हणून दोन दिवस दिले.

आजवर मी काय करत होतो? स्ट्रक्ट भरायचा आणि एफराइटने तो अख्खा फाइलीत ओतायचा. वाचताना एफरीड. दोन ओळींत काम. पण स्ट्रक्ट मेमरीत कसा मांडायचा हे कंपायलर आणि त्या यंत्रणेचे करार ठरवतात. माझ्या नोंदीत आधी ३२-बिट पूर्णांक आहे, मागोमाग ६४-बिट. घरी त्याचं माप १६ बाइट भरतं, कारण ६४-बिट आकडा आठच्या पटीतल्या पत्त्यावर बसावा म्हणून मधे चार बाइटांची रिकामी जागा सुटते. ३२-बिट एक्स८६ लिनक्सवर हाच स्ट्रक्ट १२ बाइटांचा, ३२-बिट विंडोजवर पुन्हा १६. त्या रिकाम्या जागेत काय असेल याचीही हमी नाही: मेमरीत आधी पडलेला कचरा तसाच फाइलीत जातो. 'तीच फाइल, तीच सूची' ही अट मग घरातल्या घरातसुद्धा मोडते. तपासलं, आणि खरोखरच मोडत होती. एकाच फोल्डरवरून दोनदा केलेल्या सूचींमध्ये फरक होता, आणि नऊ वर्षांत मी त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या नव्हत्या.

दुसरा प्रश्न बाइटांच्या क्रमाचा. तो सीइतकाच जुना म्हणावा लागेल. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिक्स पीडीपी-११वरून इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या घडणीच्या यंत्रावर नेलं. पीडीपी-११ दोन बाइटांच्या शब्दात लहान किमतीचा बाइट आधी ठेवायचा, इंटरडेटा मोठ्या किमतीचा. बाइटांच्या जोड्या अशा उलटल्या की 'युनिक्स'च्या स्पेलिंगमधली अक्षरं एन-यू-एक्स-आय अशी उमटतात. 'नक्सी प्रॉब्लेम' हे नाव त्यावरूनच आलं. जॉन्सन यांनी लिंट (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारा प्रोग्राम) लिहिला, वेगवेगळ्या यंत्रांसाठी पुन्हा बेतता येणारा कंपायलर लिहिला. सी जगभर पसरली त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. भाषा एका यंत्रापुरती राहू नये म्हणून त्या लोकांनी केवढी खटपट केली, आणि मी माझा साचा मात्र एका यंत्राला बांधून ठेवला होता.

नवा साचा मी आधी कागदावर लिहिला: कितव्या बाइटला काय, किती बाइट, कुठला क्रम. लहान किमतीचा बाइट आधी, सगळीकडे. मग लिहिण्या-वाचण्याची सहा छोटी फंक्शनं. ३२-बिट आकडा वाचायचा तर चार बाइट घ्यायचे, पहिला तसाच, दुसरा ८ बिट डावीकडे सरकवून, तिसरा १६, चौथा २४, आणि चारही 'ऑर'ने जोडायचे. यात 'हे यंत्र कुठल्या क्रमाचं?' हा प्रश्न उद्भवतच नाही. क्रम फाइलीचा असतो, यंत्राशी त्याला देणंघेणं नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकल्पांत यंत्राचा क्रम ओळखणारे मॅक्रो ढिगाने असतात. त्यांतल्या बहुतेकांची गरज नाही असं माझं ठाम मत झालं आहे.

एक खाच यातही आहे. अनसाइन्ड कॅर (ऋण आकडे न धरणारा एक बाइट) सरकवताना आधी त्याचा इंट होतो, आणि १२८ किंवा त्याहून मोठा बाइट २४ बिट सरकवला की तो चिन्हाच्या बिटावर जातो. मानकाच्या दृष्टीने ते अपरिभाषित वर्तन, म्हणजे काय होईल याची काहीच हमी नाही. सॅनिटायझर (चालत्या प्रोग्राममधल्या अशा चुका पकडणारं साधन) लावून चाचणी चालवली तेव्हा कळलं. सरकवण्याआधी यूइंट३२_टी करून घेतलं की झालं.

वेग कमी होईल ही भीती होती. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर हा साचा ओळखतात आणि ऑप्टिमायझेशन चालू असेल तर एक्स८६वर चारही बाइट एकाच सूचनेत उचलतात. जनरेट झालेला असेंब्ली कोड उघडून खात्री केली.

१२ मार्च

ओपनबीएसडी. मेकफाइल (प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणारी फाइल) पहिल्याच पायरीवर अडली. टक्क्याच्या चिन्हाचे नियम जीएनयू मेकचे. तिथल्या मेकला ते समजत नाहीत. जुन्या पद्धतीचे, फाइलीच्या शेवटच्या अक्षरांवरून चालणारे नियम लिहिले, ते दोघांनाही चालतात. त्यानंतर कंपाइल झालं, आणि लिंक करताना ओपनबीएसडीने स्वतः होऊन इशारा दिला की स्ट्रसीपीवाय आणि स्प्रिंटएफ वापरणं धोक्याचं आहे (मजकूर लिहिताना जागा पुरते का ते ती पाहत नाहीत). १४ जागा. सगळ्या बदलल्या. स्ट्रएलसीपीवाय हा जागेची मर्यादा पाळणारा पर्याय तिथे १९९८पासून आहे. जीलिबसीत तो २०२३ साली २.३८मध्ये आला, विंडोजवर नाहीच. म्हणून एसएनप्रिंटएफ घेतला.

१४ मार्च

विंडोज. गिटमधून कोड उतरवतानाच पहिली अडचण आली, कंपायलर तर अजून लांबच. माझ्या एका फाइलीचं नाव 'ऑक्स' होतं, सहायक फंक्शनांची फाइल म्हणून. कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम१ ही नावं डॉसच्या काळापासून उपकरणांसाठी राखीव आहेत, आणि पुढे डॉट-सी लावलं तरी राखीवच राहतात. नाव बदललं.

प्रोग्राम उभा राहिला, सूची तयार झाली, आणि वाचताना मधेच संपली. लिनक्सवर तीच सूची ८१,९२० बाइटांची, विंडोजवर ८२,२४७. फरक ३२७. बराच वेळ साच्यात काही चुकलं का ते शोधत बसलो. मग लिनक्सवरच्या सूचीत १० या किमतीचे बाइट किती आहेत ते मोजलं. ३२७.

म्हणजे फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली जात होती. विंडोजवर त्या मोडमध्ये १०चा प्रत्येक बाइट लिहिताना त्याच्या आधी १३ जातो, वाचताना ती जोडी पुन्हा एक होते. आणि वाचताना २६ हा बाइट भेटला की फाइल संपली असं धरलं जातं. सूची मधेच संपत होती ती त्यामुळे. फाइल उघडणाऱ्या एफओपनला दिलेल्या दुसऱ्या मजकुरात 'बी' हे एक अक्षर राहिलं होतं. ते अक्षर १९८९च्या मानकापासून आहे, पॉझिक्सवर त्याने काहीही फरक पडत नाही, म्हणून मला त्याची सवयच लागली नाही. आता एकूण एक फाइल 'बी' लावूनच उघडतो, आणि मजकुराच्या ओळीच्या शेवटी १३ आला तर तो माझा मी काढतो. प्रमाण आउटपुटलाही हाच रोग. तिथे मोड बदलणारं विंडोजचं फंक्शन मेनच्या सुरुवातीला बोलावलं.

१७ मार्च

चाचणीच्या संचात देवनागरी नावांच्या फाइली आहेत. विंडोजवर प्रोग्रामला त्यांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं मिळाली.

कारण असं. विंडोजवर फाइलींची नावं मुळात यूटीएफ-१६ या युनिकोडच्या रूपात असतात. साधा मेन आणि साधा एफओपन मात्र त्या मशीनच्या जुन्या कोड पेजमधून (अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यातून) बोलतात. देवनागरीसाठी विंडोजने असं जुन्या पद्धतीचं कोड पेज कधी ठेवलंच नाही, आमची लिपी तिथे युनिकोडमध्येच आली. त्यामुळे इंग्रजी किंवा फ्रेंच नावांवर चाचणी घेणाऱ्याला जी चूक कदाचित वर्षभर दिसली नसती, ती मला पहिल्या पाच मिनिटांत दिसली. चाचणीचा संच आपल्या लिपीतला ठेवल्याचा फायदा.

उपाय म्हणून आतलं सगळं कोड यूटीएफ-८मध्येच ठेवलं. विंडोजच्या फाइलीत, अगदी कडेला, यूटीएफ-१६मधून यूटीएफ-८ आणि उलट. फाइल उघडायला रुंद अक्षरांचं फंक्शन. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये लिहून कोड पेजच यूटीएफ-८ करता येतं आणि हे रूपांतर टळतं, पण त्याआधीच्या मशीनवर ते चालत नाही, म्हणून सोडलं.

आणखी एक: पॉझिक्सवर तारांकन दिलं की शेल त्याचा विस्तार करून फाइलींची यादी देतं. विंडोजचं कमांड प्रॉम्प्ट तसं करत नाही, तारांकन प्रोग्रामपर्यंत तसंच पोहोचतं. ते काम कडेच्या फाइलीत घेतलं.

१८ मार्च

सूची जपण्याची माझी पद्धत: नव्या नावाने पूर्ण लिहायची, मग रिनेम करून जुन्या नावावर बसवायची. वीज मधेच गेली तरी जुनी किंवा नवी, एक तरी शाबूत. पॉझिक्समध्ये रिनेम हे एकसंध काम आहे. सीच्या मानकात मात्र त्या नावाची फाइल आधीच असेल तर काय होईल ते यंत्रणेवर सोडलं आहे, आणि विंडोजवर रिनेम तिथे नकार देतो. आधी जुनी फाइल पुसून मग रिनेम करणं हा सुचणारा पहिला उपाय, आणि तोच घातक, कारण दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणी जवळ काहीच नसतं. विंडोजचं फाइल हलवणारं फंक्शन 'असेल तर बदल' हा झेंडा देऊन वापरलं.

तरी नकारच. जुनी सूची माझ्याच प्रोग्रामने मेमरीत मॅप करून ठेवलेली होती. पॉझिक्स उघड्या फाइलीच्या जागी दुसरी आणू देतं, विंडोजवर तसं होत नाही. मॅपिंग आधी सोडलं. हे करताना लक्षात आलं की घरी जुनी सूची नावापुरती नाहीशी व्हायची, पण प्रोग्राम बंद होईपर्यंत डिस्कवरची जागा धरून बसायची. गेल्या वर्षी एकाने डिस्क भरल्याची तक्रार केली होती, तिचं कारण मला तेव्हा सापडलं नव्हतं. आज सापडलं.

मॅकओएससाठी टीप: तिथे एफसिंक डेटा डिस्कपर्यंत पाठवतो, पण डिस्कच्या स्वतःच्या कॅशमधून तो कायमचा लिहिला गेल्याची हमी देत नाही. त्यासाठी एफसीएनटीएलची वेगळी आज्ञा आहे. घातली.

२१ मार्च

एआरएमवरचं लिनक्स. प्रोग्राम सुरू झाला आणि थांबेचना.

फाइलीतला पुढचा बाइट देणाऱ्या गेटसीचं उत्तर मी कॅरमध्ये घेत होतो. कॅर ऋण आकडे धरतो की नाही हे मानकाने मोकळं ठेवलं आहे. एक्स८६वर धरतो, एआरएम लिनक्सवर धरत नाही (ॲपलच्या एआरएमवर पुन्हा धरतो). ईओएफ, म्हणजे 'फाइल संपली' ही खूण, हा ऋण आकडा. अनसाइन्ड कॅरमध्ये तो २५५ होतो, ईओएफशी कधीच जुळत नाही, लूप अखंड चालू. पण मी घरचं वागणं नीट पाहिलं तेव्हा जास्त अस्वस्थ झालो. तिथे २५५चा खरा बाइट आला की तो उणे एक होतो, म्हणजेच ईओएफ, आणि फाइल तिथेच संपली असं समजून प्रोग्राम निमूट पुढे जातो. यूटीएफ-८ मजकुरात २५५ कधीच येत नाही म्हणून हे झाकलं गेलं. दुसऱ्या एन्कोडिंगमधल्या जुन्या फाइली कोणी दिल्या असतील तर त्यांची सूची अर्धवट झाली असेल, आणि कोणाला पत्ताही लागला नसेल. नव्या यंत्रावर प्रोग्राम अडकला म्हणून ही चूक हाती लागली. ती आधीपासून होती.

त्याच कुळातली दुसरी: अक्षर आहे का, अंक आहे का हे विचारणारी फंक्शनं. त्यांना ० ते २५५ किंवा ईओएफ एवढंच देता येतं. देवनागरी अक्षराचा यूटीएफ-८मधला पहिला बाइट २२४, साइन्ड कॅरमध्ये उणे ३२. जीलिबसीने आपले तक्ते उणे १२८पासून ठेवलेले आहेत, म्हणून घरी कधी काही कोसळलं नाही. विंडोजच्या डिबग बिल्डने लगेच थांबवलं. २७ ठिकाणी अनसाइन्ड कॅर केलं.

२३ मार्च

मॅकओएस. कंपाइल सहज झालं, चाचणीत एकच फाइल सापडेना: 'दुसऱ्या'. फाइंडरमध्ये दिसते, नाव अगदी तेच.

बाइट छापले. घरी 'ऱ' एकच कोड पॉइंट (युनिकोडमधला एक आकडा) आहे, तीन बाइट: २२४, १६४, १७७. बाहेरच्या डिस्कवरून वाचलेल्या नावात त्याच जागी सहा बाइट: 'र' आणि मागे नुक्ता. युनिकोडनुसार दोन्ही रूपं समतुल्य आहेत. ती डिस्क एचएफएस प्लसची होती, आणि ती फाइल सिस्टीम नावं सुटी करूनच साठवते. ॲपलची नवी फाइल सिस्टीम एपीएफएस दिलेलं रूप जपते आणि तुलना करताना तो फरक मानत नाही. लिनक्सच्या दृष्टीने ही सरळ दोन वेगळी नावं.

मराठीत 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' लिहिणाऱ्या कोणालाही हे गाठणारच. आणि प्रश्न नावापुरता नाही. मजकुरातही कोणी 'ऱ' एका रूपात लिहिलेला असेल, कोणी दुसऱ्या, मग शोधताना निम्मी उत्तरं हरवणार. म्हणून सूचीत जाणारा प्रत्येक शब्द आणि शोधासाठी आलेला प्रत्येक शब्द आधी एकाच रूपात आणायचा. नावांसाठी वेगळं धोरण: तुलना जोडलेल्या रूपात, पण फाइल उघडायला फाइल सिस्टीमने दिलेले बाइट जसेच्या तसे. या कामाला चार दिवस गेले, त्याचं मला समाधान आहे. पोर्टिंगला निघालो नसतो तर मराठी शोधातली ही उणीव माझ्या लक्षातच आली नसती.

२८ मार्च

अल्पाइन. थ्रेड सुरू होताच कोसळला. फंक्शनमध्ये २५६ केबीचा स्थानिक ॲरे आहे. जीलिबसी थ्रेडला सहसा ८ एमबी स्टॅक (स्थानिक डेटाची जागा) देते, अल्पाइनची मसल ही लायब्ररी १२८ केबी. मॅकओएस ५१२ केबी देते, तिथे थोडक्यात निभावलं होतं. ॲरे मॅलॉकवर नेला.

मग शोधाच्या उत्तरांचा क्रम वेगळा आला. समान गुण असलेल्या दोन नोंदी क्यूसॉर्ट या क्रम लावणाऱ्या फंक्शननंतर कुठल्या क्रमाने राहतील याची हमी मानक देत नाही. जीलिबसीचा क्यूसॉर्ट वर्षानुवर्षं आतून मर्ज सॉर्ट करत आला, त्यामुळे मूळ क्रम टिकायचा. मसल स्मूदसॉर्ट वापरते, तिथे टिकत नाही. गुण समान असतील तर फाइलीच्या नावाच्या बाइटांवरून ठरवायचं असं तुलना करणाऱ्या फंक्शनमध्येच लिहिलं. सूची बाइट न बाइट सारखी हवी ही अट याशिवाय पुरी झालीच नसती.

२९ मार्च

छोटी कामं. वेळ फाइलीत इंट६४_टी म्हणून जातो; ३२-बिटचा टाइम_टी १९ जानेवारी २०३८ला संपतो, आणि ओपनबीएसडीने २०१४च्या ५.५मध्येच तो सगळीकडे ६४-बिट केला. स्थानिक वेळ काढणाऱ्या सुरक्षित फंक्शनाचे दोन पॅरामीटर विंडोजवर उलट्या क्रमाने आहेत, ते कडेच्या फाइलीत झाकले. लोकेल फक्त अक्षरांपुरता लावला: सगळा लावला तर दशांशाला स्वल्पविराम वापरणाऱ्या लोकेलमध्ये सेटिंग्जमधलं ०.७५ हे शून्य म्हणून वाचलं जातं.

१ एप्रिल

एस३९०एक्स. घरी केलेली सूची पहिल्या खेपेलाच उघडली. सगळे शब्द मोजले, संख्या जुळली. पण शोधल्यावर एकही सापडेना.

हॅश, म्हणजे शब्दाच्या बाइटांवरून काढलेला आकडा. शब्दाचे चार-चार बाइट मेमकॉपीने पूर्णांकात घेऊन मी हॅश काढत होतो, आणि तो हॅश सूचीत साठवला जातो. साचा बाइटांत लिहिला, पण साच्यात जाणारा आकडा मात्र यंत्राच्या क्रमाने बनत होता. तिथेही ९ मार्चची फंक्शनं लावली. साच्याच्या कागदावर हॅशची व्याख्या घातली, कारण जे फाइलीत जातं ते सगळं साच्याचाच भाग आहे. मी फक्त स्ट्रक्टांकडे पाहत होतो.

३ एप्रिल

सहा यंत्रं आणि घर, मिळून सात सूची. सगळ्यांचे एसएचए-२५६ (फाइलीच्या बाइटांवरून काढलेले ठसे) काढून शेजारी ठेवले. सहा सारखे, विंडोजचा वेगळा. बाइट ताडले तेव्हा फरक फक्त फाइलींच्या मार्गांत दिसला: विंडोजवर फोल्डरांच्या नावांमध्ये उलटी तिरपी रेघ (\) येते. सूचीत मार्ग नेहमी सरळ तिरप्या रेघेनेच (/) लिहायचा, कडेच्या फाइलीत रूपांतर. पुन्हा चालवलं. सातही सारखे.

इफडेफची मोजणी: कडेच्या दोन फाइली सोडून उरलेल्या कोडमध्ये शून्य. विंडोजची फाइल ४३८ ओळींची, पॉझिक्सची २१२, त्यात मॅकओएसच्या एफसिंकसाठी एक इफडेफ. तो राहू देतो. एका आज्ञेसाठी तिसरी फाइल करण्यात अर्थ नाही.

४ एप्रिल

जुन्या साच्याच्या सूची उघडायला नव्या आवृत्तीने नकार द्यावा आणि 'सूची पुन्हा बनवा' असं स्पष्ट सांगावं, एवढं घातलं. पहिल्या आठ बाइटांत ओळखखूण आणि आवृत्तीचा आकडा. ओळखखुणेत १३, १० आणि २६ हे बाइट मुद्दाम ठेवले आहेत. वाटेत कुठल्या प्रोग्रामने फाइलीला मजकूर समजून हात लावला तर उघडतानाच कळेल. पीएनजीच्या ओळखखुणेतही हे तिन्ही बाइट याच कारणासाठी आहेत, तिथूनच घेतलं.

संध्याकाळी एस३९०एक्सवर केलेली सूची विंडोजवर नेली आणि 'दुसऱ्या' हा शब्द शोधला, एकदा जोडलेल्या 'ऱ'ने, एकदा सुट्या. दोन्ही वेळा ४१ जागा आल्या, त्याच क्रमाने. आवृत्ती २.० चा टॅग लावला.